धर्माकाकांचा पखवाज

आमच्या गावात भजन बंद पडलं ते पखवाज नाही म्हणून, असं धर्माकाकांचं ठाम मत होतं. बाकीच्या गावाचं म्हणणं बरोबर उलटं. भजनाला माणसंच उरली नाहीत, मग पखवाज हवाय कुणाला? दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे होते, आणि अशा वादाचा निकाल कधी लागत नसतो. गाव वाद घालून जेवायला गेलं. धर्माकाका पटाशी घेऊन पखवाज करायला बसले.

मी तेव्हा गावच्या शाळेत शिकवत होते. मूळची पालीची. बदली होऊन या खाडीकाठच्या गावात आले आणि धर्माकाकांच्या घरातली कडेची खोली भाड्याने घेतली. आमच्या दोघांमधे एक भिंत आणि पुढे दोघांत मिळून एक पडवी. मांडव्याचा धक्का जवळ, त्यामुळे गावातला धडधाकट माणूस सकाळी बोटीने मुंबईला, नाहीतर गाडी घेऊन उरण-पनवेलकडे. दुपारी शाळा सुटून मी घरी यायचे तेव्हा आळीत कोंबड्या असायच्या आणि पडवीत धर्माकाका असायचे. त्यांची बायको मी यायच्या आधीच गेली होती. मुलगा डोंबिवलीला, गणपतीत येणारा.

काका सुतार नव्हते. त्यांनी जन्मभर ट्रेलर चालवला होता. बंदरातून कंटेनर उचलायचा आणि जिथे सांगतील तिथे पोचवायचा, महिन्यातले आठ-दहा दिवस घरी. अंगाने आडवे, मान जवळजवळ नाहीच, आणि हात असे की चहाचा कप त्यांच्या मुठीत दिसेनासा व्हायचा. लाकडावर काम करताना ते मागे गाडी घेणाऱ्याला क्लीनर ओरडतो तसं पटाशीला सांगायचे, "येऊ दे, येऊ दे, आजून येऊ दे, बास." हे सगळं भिंतीपलीकडून ऐकत मी वह्या तपासायचे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं अंगणात खरंच गाडी लागते आहे.

गावचा पखवाज वाजवायचे ते त्यांचे थोरले भाऊ, नामादादा. मी त्यांना पाहिलं नाही, पण गावात त्यांचं नाव निघालं की म्हातारी माणसं आपोआप मांडीवर बोटं आपटायला लागत. नामादादा गेले, आणि त्याच सालात वादळाने देवळाचे पत्रे नेले. खुंटीला टांगलेला पखवाज पाण्यात पडला आणि त्याचं खोड, म्हणजे लाकडी अंग, उभं चिरलं. मग कुणीतरी देवळाला स्पीकरची पेटी दिली. तिच्यात शेकडो भजनं भरलेली होती. बटण दाबलं की आख्खं मंडळ गायला लागायचं आणि पुन्हा दाबलं की गप्प. सोय चांगली होती. गावाने ती आनंदाने स्वीकारली.

धर्माकाकांना वाजवता यायचं. लहानपणी भावाच्या शेजारी बसून बोल हाताला बसले होते. पण दादा असेपर्यंत ते कधी मधे, पखवाजावर, बसले नाहीत. घरी असले तर मागे टाळ घेऊन उभे राहायचे. "बाकीचा वेल आपला रस्त्यावर," ते म्हणायचे, "आनि रस्त्यावर हॉर्न हाय, भजन न्हाय."

मी एकदा विचारलं, "काका, पखवाज विकत मिळतो की."

"मिलतो ना," ते म्हणाले. "उद्या आनू शकतो. पन मंग दिवसभर करू काय, बाई?"

मीही संध्याकाळी पाच ते झोपेपर्यंत काय करायचं हे न सुचणारी बाई होते.

लाकूड फणसाचं होतं. दिवेआगरला त्यांच्या साडूच्या वाडीत त्याच वादळाने एक जुना फणस आडवा केला होता. काकांनी ओळखीच्या टेम्पोत त्याचा बुंधा तुकडे करून आणला आणि पडवीत असा रचला की मला माझ्या दारातून तिरकं होऊन बाहेर पडावं लागे. पहिलं खोड त्यांनी लगेच कोरायला घेतलं. ओल्या लाकडात पटाशी लोण्यात घुसावी तशी घुसत होती आणि काकांना वाटलं, आपण जात्याच कारागीर आहोत. आठ दिवसांत आरपार पोकळ करून त्यांनी ते वाळायला अंगणात, चैत्राच्या उन्हात ठेवलं. दुपारी मी जेवत होते. बाहेर ताडकन आवाज झाला, काहीतरी फुटल्यासारखा. जाऊन पाहते तर खोडाला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग, बोट आत जाईल एवढी.

काका कमरेवर हात ठेवून उभे होते. मग म्हणाले, "बोलला की. पखवाज हाय म्हंजे बोलनारच."

आणि आत जाऊन त्यांनी दोघांसाठी कोरा चहा टाकला. ते खोड त्यांनी फेकलं नाही, लपवलंही नाही. पडवीच्या टोकाला आडवं करून ठेवलं. त्यात लवकरच त्यांची तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली. कुणी विचारलं की काका ओळख करून द्यायचे, "हा पयला. हा घायचा." घाईचा.

दुसऱ्या वेळी घाई केली नाही. तुकड्याच्या दोन्ही तोंडांना शेण लिंपलं, पेंढ्यात गुंडाळलं आणि वर्षभर माळ्यावर ठेवून दिलं. या वर्षात ते काय करणार अशी मला काळजी होती, पण त्यांनी सवयी लावून घेतल्या. रोज सकाळी आंघोळ झाली की पटाश्यांना धार. एकही वापरायची नव्हती, तरी धार. मग माळ्यावर चढून लाकडाला हात लावून यायचं, घरात आजारी माणूस असावा तसं. वर्षाने ते खाली उतरलं आणि कोरणं सुरू झालं. लाकूड आता कडक झालं होतं, डुगडुगायचं. त्यांनी मला हाक मारली. "बाई, जरा बसा ह्याच्यावर." मी बसले. माझ्या वजनाचा गावाला झालेला हा एकमेव उपयोग. महिनाभर शाळेतून आले की मी लाकडावर बसून वह्या तपासायचे आणि काका समोर बसून आतून लाकूड खरवडायचे.

काम संपत आलं आणि पटाशी आरपार गेली. एका जागी भिंत पातळ झालेली त्यांच्या लक्षात आली नव्हती. रुपयाएवढं भोक. काकांनी त्यात फणसाचीच खुंटी ठोकून बसवली, वरून घासली, आणि पेणला पुडी चढवून देणाऱ्याकडे, म्हणजे तोंडाला कातडं लावणाऱ्याकडे, घेऊन गेले. त्याने बोटाने वाजवून बघितलं आणि परत दिलं. पुडीच्या वाद्या, चामड्याच्या पट्ट्या, ओढल्या की इथूनच फुटणार, म्हणाला. काका ते बगलेत मारून एसटीने परत आले. पडवीत ठेवलं आणि आत गेले.

त्यानंतर ठकठक बंद झाली. मी आठ दिवस वाट पाहिली, पंधरा पाहिली. ते खुर्चीत बसलेले असत, समोरच्या रस्त्याकडे बघत. विचारलं तर "बरा हाय" म्हणत. मला आवाजाची इतकी सवय झाली होती की त्या शांततेत मला वह्यांतल्या चुका दिसेनात. फार एकटं वाटलं मला त्या दिवसांत, आणि भिंतीपलीकडे एक माणूस माझ्यापेक्षा एकटा आहे हे कळत असून मी नुसती आमटीची वाटी नेऊन देत राहिले.

पण एक गोष्ट मी पाहिली. सकाळी धार लावणं त्यांनी सोडलं नव्हतं. काही करायचं नाही, करायचा विचारही नाही, आणि हा माणूस रोज दगड ओला करून पटाश्या घासतोय. न राहवून मी विचारलं.

"इंदूरच्या रस्त्याला घाटात माझा एक्सल तुटला होता," ते म्हणाले. "क्लीनर गाडीची मदत आनतो म्हनून गेला तो गेलाच. पुढं-मागं मानूस न्हाय. पयल्या दिवशी मी खूप शिव्या घातल्या, गाडीला, मालकाला, स्वताला. दुसऱ्या दिवशी शिव्या संपल्या. मंग काय करू? भात टाकला. आनि फडका घेऊन काच पुसली. बंद गाडीची काच. रोज पुसायचो."

"मग?"

"मंग काय? आली मदत. पन ती आली तवा मी डायवर होतो, बाई. काच पुसली नसती तर नुसता रस्त्याकडंला बसलेला मानूस झालो असतो."

दोन दिवसांनी त्यांनी तिसरा तुकडा ओढला. दुसऱ्या खोडात छत्र्या उभ्या राहिल्या. त्याची ओळख ते करून द्यायचे, "हा शानपनाचा."

तिसऱ्याची गोष्ट सांगायची म्हणजे मला काकांच्या घराण्याबद्दल सांगायला हवं. ही मिठागरातली माणसं. आजा-पणजा खाडीचं पाणी वाफ्यांत घेऊन मीठ पिकवत आले. आता बहुतेक आगरं बंद झाली, पण काकांच्या एका चुलतभावाचं अजून चालू होतं. या घरात मिठाबद्दल वाईट बोलायची पद्धत नाही. मासळी मिठाने टिकते, आंबा मिठाने टिकतो, चिंच टिकते, मेलेल्या बैलाचं कातडं टिकतं. मग लाकूड का नाही टिकणार? काकांनी तुकडा चुलतभावाच्या आगरात नेला आणि मिठाच्या राशीत पुरला. सबंध उन्हाळा, आणि पुढे शाकारलेल्या राशीत पावसाळाही, तो तिथे होता. मीठ ओल शोषून घेईल, हळूहळू, आतल्या आत, आणि भेग पडणार नाही, असा हिशोब.

हिशोब बरोबर निघाला. बाहेर आलेल्या लाकडाला एक केसाएवढी चीर नव्हती. काकांनी ते कोरलं ते इतक्या हळू की मला वाटलं, माझ्या बदलीनंतरही चालू राहील. पेणच्या माणसाने या वेळी मान डोलवली आणि पुडी चढवून दिली. पुढच्या उन्हाळ्यात, एका एकादशीला संध्याकाळी, पखवाज देवळात आला.

त्या दिवशी गणूबुवा गायले. गणूबुवा म्हणजे गावच्या मंडळाचे गाणारे, नामादादांच्या बरोबरीचे, तोंडात दात नाहीत पण आवाज अजून उभा. टाळाला दोघं आले. बायका आल्या, मी गेले, बोटीवरून उतरलेली दोन-तीन माणसं पिशव्या हातात घेऊन दारात थांबली. काकांनी घरून कणीक मळून आणली होती. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ती ओली कणीक थापतात, तेव्हा त्यात घुमारा येतो. त्यांच्या घरात गव्हाचं पीठ कधी नसायचं, तांदळाच्या भाकरीवर वाढलेला माणूस. ते खास पखवाजासाठी आणलं होतं. त्यांनी हात टाकला आणि तो आवाज माझ्या छातीत उतरला. मी रडले, आणि त्याची मला लाज वाटली नाही. गणूबुवांनी पहिला अभंग संपवून काकांच्या पाठीवर थाप मारली. "नामा आला रे," एवढंच म्हणाले.

काका त्या रात्री जेवले की नाही, ठाऊक नाही. पहाटे मी उठले तेव्हा पडवीत बसून तो पखवाज नुसता पुसत होते.

मग श्रावण आला. श्रावणात आमच्या गावी सप्ताह असतो, आख्खं गाव देवळात, मुंबईची माणसंही येतात. या सप्ताहात स्पीकरची पेटी बंद ठेवायची आणि मंडळाने गायचं, असं काकांनी गावकीकडून कबूल करून घेतलं होतं. पण हवेत पाणी भरलं तसा पखवाज ओला व्हायला लागला. लाकडावर थेंब उभे राहायचे. काका पुसायचे, चुलीजवळ धरायचे, पुन्हा थेंब. मिठाने उन्हाळ्यात ओल बाहेर काढली होती, पण मीठ स्वतः लाकडात राहिलं होतं, आणि पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला जसं पाणी सुटतं तसं त्या आख्ख्या खोडाला सुटलं. वाद्या सैल पडल्या, पुडी मऊ झाली. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी भरल्या देवळात काकांनी हात टाकला आणि धप्प, ओल्या गादीवर पडल्यासारखा आवाज आला. त्यांनी वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून ताणून पाहिलं. पुन्हा धप्प. पोरं हसली. गणूबुवा दोन अभंग त्या धप्प-धप्पवर कसेबसे गायले आणि खोकला आल्याचं सांगून उठले. मागून कुणीतरी पेटीचं बटण दाबलं.

घरी येताना काका माझ्या पुढे चालत होते, पखवाज छत्रीत आणि स्वतः पावसात. "आमी मिठावर वाढलेली मानसं," ते म्हणाले. "मीठ दगा देल असा कधी वाटलाच न्हाय. दुसऱ्या कोनाकडून ही चूक झालीच नसती, बाई."

गणपती झाल्यावर गणूबुवांना त्यांच्या मुलाने कामोठ्याला नेलं. आता म्हातारपणी एकटे कशाला राहता म्हणून. त्याचं चुकलं असं कुणी म्हणणार नाही. पण टेम्पोत गादी चढवताना बुवा आमच्या पडवीत आले, मिठाच्या पखवाजावर हात ठेवला आणि म्हणाले, "धर्मा, नवा झाला की कलव. मी येतो." काकांनी त्याच दुपारी चौथा तुकडा काढला. शेवटचा. झाड तेवढंच होतं.

चौथ्याबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही. शेण, पेंढा, माळा, सावली, दीड-दोन वर्षं. बोटाने चाचपून चाचपून कोरलेलं. मधे टाळवाल्यांपैकी एक वारला, दुसरा गुडघ्यांमुळे घराबाहेर पडेना. काका मला कधीमधी विचारायचे, "बाई, कोन कोन येल वो भजनाला?" आणि आम्ही दोघं बोटं मोजायला लागायचो आणि अर्ध्यावर विषय बदलायचो. मला एकदा वाटलं होतं, सांगावं त्यांना, काका, पुरे करा. सांगितलं नाही. त्यांच्या पटाशीचा आवाज बंद झालेला मी एकदा ऐकला होता.

पखवाज झाला. भर पावसातही तो घट्ट राहिला, एक थेंब धरला नाही त्याने. काकांनी कामोठ्याला फोन लावला. बुवा आनंदाने ओरडले म्हणे. पण त्यांना आता बस सोसत नव्हती, जिना उतरतानाही धरावं लागे, आणि मुलाला सुट्टी नव्हती. पुढच्या महिन्यात, मग दिवाळीत, मग बघू.

त्याच सुमारास माझी बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी खोलीची चावी द्यायला गेले तर काका घरी नव्हते. देवळातून आवाज येत होता, म्हणून तिकडे गेले. आत दिवा होता आणि काका होते, बाकी कुणी नाही. नामादादा जिथे बसायचे म्हणून गाव सांगे, तिथे ते बसले होते. पुढ्यात पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता आणि त्यातून गणूबुवा गात होते.

मला नंतर कळलं, घरात नातवाचा अभ्यास चालतो, शेजारीही तक्रार करतात, म्हणून बुवा इमारतीच्या जिन्यात पायरीवर बसून गायचे, आवाज दाबून. त्यातून फोन तो फोन. शब्द तुटत होते, कधी मागून येत होते, आणि काका डोळे मिटून त्यांची वाट पाहत होते. मी देवळाच्या पायरीवर उभी राहिले. त्यांनी सुरुवातीला एकदा पंजा उघडून थाप दिली, तशी देवळाची भिंत घुमली आणि बुवांचा आवाज ऐकूच येईना. काकांनी लगेच हात आवरला. फोनकडे वाकले, कान जवळ नेला. मग त्यांचे ते दांडगे हात कातड्यावर जेमतेम टेकायला लागले. सबंध गावाला ऐकू जावा म्हणून केलेला तो पखवाज ते बोटांच्या टोकांनी वाजवत होते, फोनमधला आवाज बुडू नये म्हणून.